मा जोडला देवी करू नका, बिचारीही करू नका

'द ग्रेप्स ऑफ रॉथ', म्हणजे मंदीत शेत गमावून कॅलिफोर्नियाला कामाच्या शोधात निघालेल्या जोड कुटुंबाची जॉन स्टाइनबेकची कादंबरी, तिचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या दोन दिशांना जातं आणि पुस्तक बाजूलाच राहतं. एक बाजू म्हणते की ही आईच्या मायेची आणि एकत्र कुटुंबाची महागाथा आहे, मा जोड म्हणजे जगन्माता, त्यांच्यासोबतचा केसी म्हणजे येशू, शेवटच्या पानावर उपाशी माणसाला दूध पाजणारी माची मुलगी रोझ ऑफ शॅरन म्हणजे मेरी, झालं. दुसरी बाजू म्हणते की जॉन स्टाइनबेकने १९३९ साली बाईला चूल, गर्भाशय आणि स्तन यापलीकडे काही दिलंच नाही, मग कौतुक कसलं करायचं? दोन्हीकडे हुशार माणसं आहेत आणि दोन्हीकडे एक गोष्ट न तपासता धरून चाललेत, ती म्हणजे या कादंबरीला कुटुंब टिकवायचंय. मला ते मुळातच पटत नाही. ही घर मोडण्याची गोष्ट आहे. आणि घर मोडत असताना घरातला जो जुना नियम असतो, आपल्यातला घास आपल्या माणसाला द्यायचा, तो परक्या माणसापर्यंत नेण्याचं काम या पुस्तकात मुख्यतः बायका करतात. बायबल तिथे आलंय ते यासाठी, आणि बहुतेक ठिकाणी ते उलटं करून ठेवलंय.

आधी माणसं मोजू. ओक्लाहोमातल्या सॅलिसॉजवळच्या शेतावरून बँकेने आणि ट्रॅक्टरने हुसकावलेलं हे घर जुनी हडसन गाडी कापून केलेल्या ट्रकमध्ये बसतं तेव्हा घरची बारा माणसं असतात आणि तेरावा केसी, एकेकाळचा प्रवचनकार. प्रतीकं शोधणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो, येशू आणि बारा शिष्य. असेल, लेखकाने मुद्दाम केलंही असेल. पण मग पुढेही मोजा ना. आजोबा पहिल्याच मुक्कामाला जातात, आजी मोहावेचं वाळवंट ओलांडताना जाते, माचा मुलगा नोआ नीडल्सजवळ कोलोरॅडो नदीच्या काठाने चालायला लागतो तो कायमचाच, रोझ ऑफ शॅरनचा नवरा कॉनी गरोदर बायकोला टाकून पळतो, दुसरा मुलगा टॉम, त्याच्या हातून खून होतो आणि त्याला आधी लपावं आणि मग निघून जावं लागतं, त्याचा भाऊ अ‍ॅल शेवटी शेजारच्या वेनराइटांच्या मुलीपाशी मागे राहतो. गोष्ट जिथे संपते त्या कोठारात पोचतात ती सहा माणसं, बारातली सहा. एकत्र कुटुंबाचे गोडवे गायला निघालेला लेखक अर्धं घर वाटेत असं गळू देईल का?

यावर लगेच उत्तर येतं ते जॅकच्या दांड्याचं, आणि हा प्रसंग खरोखर जबरदस्त आहे, मी नाकारत नाही. सोळाव्या प्रकरणात वाटेत सोबत झालेल्या विल्सन कुटुंबाची गाडी बिघडते, टॉम म्हणतो तुम्ही पुढे व्हा, मी आणि केसी दुरुस्ती करून मागून येतो, पुरुषांना ते पटतंही, आणि मा सरळ गाडी उचलायच्या जॅकचा दांडा हातात घेऊन नवऱ्यासमोर उभी राहते, मी जाणार नाही, आपल्याकडे उरलंय काय तर हे न मोडलेलं घर. बाप हात उचलत नाही आणि त्या दिवसापासून घराची सत्ता कोणाकडे आहे हे सगळ्यांना कळतं. पण हीच बाई तिसाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या प्रकरणात, मिसेस वेनराइटला म्हणते की पूर्वी घर आधी असायचं, आता तसं राहिलं नाही, आता कोणीही असो, आपण जितके खाली जाऊ तितकं जास्त करायला लागतं. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे आणि दुसरं कोणी काढत नाही. एखाद्याचं पहिलं मत घेऊन बसायचं आणि अनुभवातून बदललेलं मत सोडून द्यायचं, याला वाचन म्हणायचं का?

मधे काय घडलं हे बघायचं तर हूव्हरव्हिलचा प्रसंग सावकाश वाचायला हवा. हूव्हरव्हिल म्हणजे मंदीत घरदार गेलेल्यांची वस्ती, राष्ट्राध्यक्ष हूव्हरच्या नावाने लोकांनी रागाने दिलेलं नाव. तिथे मा उघड्यावर रस्सा शिजवतेय आणि वासाने वस्तीतली पोरं भांड्याभोवती जमतात, मागत नाहीत, नुसती बघत उभी राहतात. घरच्यांनाच पुरेल न पुरेल अशी अवस्था. मा आपल्या माणसांना वाढून तंबूच्या आत जाऊन खायला सांगते, कारण त्या डोळ्यांसमोर घास उतरणार नाही, आणि पोरांना म्हणते की प्रत्येकाने एकेक चपटी काडी शोधून आणा, तळाशी राहिलंय ते तुमचं. पोरं भांडं खरवडून काढतात. आणि नंतर एका पोराची आई तणतणत येते की माझं पोरगं तुमच्या रश्श्याचा वास घेऊन घरी आलं, आता त्याला मी काय सांगू? आता पाच भाकरी आणि दोन मासे आठवा, पाच हजार माणसं जेवून वर बारा टोपल्या उरतात. इथे चमत्कार होत नाही, अन्न वाढत नाही, उलट दिल्यामुळे शेजारणीच्या घरात भांडण जातं. मा देवी असती तर भांडं भरलं असतं. ती एक बाई आहे जिला आपलं आणि परकं यातली रेघ त्या एका संध्याकाळी धरताही येत नाही आणि पुसताही येत नाही. देवीवाल्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो म्हणून ते पटकन पुढे जातात, मला तर तो कादंबरीचा कणा वाटतो.

देवी करण्यात सिनेमाचाही हात आहे. जॉन फोर्डचा सिनेमा १९४० ला आला, जेन डार्वेलला मा जोडच्या कामासाठी ऑस्कर मिळालं, आणि सिनेमा संपतो तो माच्या आपण सामान्य लोक कधी संपत नाही अशा भाषणावर. मूल मेलेलं जन्मणं नाही, पूर नाही, कोठार नाही. घर तुटत जातं ती अर्धी गोष्टच कापली, उरली ती खंबीर आई. त्याही आधी १९३६ मध्ये डोरोथिया लँगने कॅलिफोर्नियात निपोमोच्या वाटाणा तोडणाऱ्यांच्या छावणीत काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गेला, लोकांना त्यात मॅडोना, म्हणजे बाळाला घेतलेली मेरी, दिसली, पण त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, जगाला कळलं १९७८ मध्ये. ती चेरोकी होती, मजूर होती, आणि त्या फोटोने तिला काहीच मिळवून दिलं नाही असं ती स्वतः म्हणाली. बाईला एकदा आई नावाच्या मखरात बसवलं की तिच्या मजुरीचं कोणी विचारत नाही, हे तेव्हाही झालं.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण त्यांचे मुद्दे जास्त वजनदार आहेत. रोझ ऑफ शॅरन तीन चतुर्थांश पुस्तकभर कुरकुरत असते, पोटातल्या बाळापलीकडे तिला जग नसतं, हे खरं. विचार करण्याचा अधिकार केसीला आणि त्याच्याकडून टॉमला मिळतो, बायकांच्या हातात पातेलं येतं, हेही खरं. आणि माचं ते प्रसिद्ध बोलणं, पुरुष झटक्याझटक्याने जगतो, बाई नदीसारखी एकसंध वाहते, ते आज वाचताना मलाही खटकतं, कारण बाईचा स्वभावच सोसण्याचा अशी त्यातून सोय होते. स्टाइनबेकचा स्वतःचाही अशा कल्पनेवर थोडा विश्वास असावा असं वाटतं, पहिल्याच प्रकरणात पिकं जळाल्यावर बायका पुरुषांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या असतात की हे आता मोडतात की काय. मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर बायका तर या पुस्तकात जवळपास नाहीतच, त्याच शेतांवर राबलेल्या असूनही.

एवढं सगळं मान्य करूनही निष्कर्ष चुकतो असं मी म्हणतो, कारण पात्र काय बोलतं यावरच सगळं ठरवलं जातंय आणि पात्र काय करतं ते कोणी बघत नाही. नदीचं बोलणं कधी येतं बघा. टॉम गेलाय, बाप म्हणतोय आपलं आयुष्य संपलं, तेव्हा मा त्याला धीर द्यायला हे बोलते. ते खचलेल्या नवऱ्याचं सांत्वन आहे, लेखकाचा सिद्धांत म्हणून त्याला कोर्टात उभं करणं हा अन्याय आहे. त्याआधी सरकारी छावणीत बाप म्हणतो की आता बायकाच हुकूम सोडायला लागल्या, काठी काढायची वेळ आली, तेव्हा ती म्हणते काढ की काठी, पण घरात अन्न आणि बसायला जागा असेल तेव्हाच ती चालवता येते, सध्या तू ना विचार करतोयस ना काम. नंतर टॉमला ती सांगते की हे मुद्दाम केलं, काळजीने खंगणाऱ्या माणसाला राग आणून दिला की तो उभा राहतो. ही नदी नाहीये, ही हिशोबी, चलाख, माणसं ओळखणारी बाई आहे. घराच्या बैठकीत पुरुष उकिडवे बसतात आणि बायका मागे उभ्या असतात, तिथेही केसीला बरोबर घ्यायचं का या प्रश्नाचा निकाल तीच लावते, जमेल का म्हणून विचाराल तर काहीच जमणार नाही, करायचंय का ते विचारा. आणि रात्री डुकराचं मांस खारवायला केसी पुढे होतो, मा म्हणते हे बायकांचं काम, तो म्हणतो हे सगळं कामच आहे, बायकांचं पुरुषांचं वाटत बसायला ते फार जास्त आहे. चूल बाईच्या गळ्यात बांधायची असती तर लेखकाने हे वाक्य, तेही पुस्तकातल्या येशूच्या तोंडी, कशाला घातलं असतं?

मजुरीचंही तसंच. हूपर रँचवर पीच तोडायला सगळं घर जुंपतं, पेटीला पाच सेंट. रोझ ऑफ शॅरनला चक्कर आली म्हणून मा थोडी उशिरा पोचते, पण येते आणि बादली भरायला लागते, मग सगळ्यांनी मिळून तोडलेल्या वीस पेट्यांच्या एका डॉलरची चिठ्ठी घेऊन तीच मळ्याच्या दुकानात जाते, तिथले चढे भाव ऐकून एकेक जिन्नस कमी करत आणते आणि येऊन रांधतेही तीच. साखरेला पैसे उरत नाहीत तेव्हा दुकानातला कारकून स्वतःच्या खिशातले दहा सेंट घालतो आणि ती म्हणते, अडचण आली की गरिबाकडेच जावं. बाईचा दुहेरी दिवस १९३९ च्या पुस्तकात इतका स्पष्ट दाखवलाय आणि आपण म्हणतो बाईला फक्त गर्भाशय दिलं? आपल्याकडच्या वाचकाला तरी हे लगेच ओळखू यायला हवं. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तिच्या हाताचा वेगळा हिशोबच नाही. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचं २०१९ ला उघड झालं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तेव्हा कुठे शहरातल्या माणसांनी विचारलं की ही कुटुंबं एकत्र जातात म्हणजे नक्की कोणाच्या शरीराच्या जिवावर जातात. मालकालाही कुटुंब एकत्रच हवं असतं, एका मजुरीत चार हात मिळतात. म्हणून कुटुंबाची एकी हे आपोआप चांगलं मूल्य मानायला मी तयार नाही, आणि ही कादंबरीही तयार नाही.

बायबलबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. केसीची इंग्रजी आद्याक्षरं येशूचीच आहेत, तो एकांतात जाऊन विचार करून परत येतो, दुसऱ्यासाठी अटक करून घेतो, आणि डोक्यात घाव बसण्याआधी मारणाऱ्यांना म्हणतो की तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळत नाही. यात शोधण्यासारखं काही नाही, ते उघड्यावर ठेवलंय. पण साम्य सापडलं की शोध थांबतो, ही खरी अडचण. साम्य कुठे तुटतं ते बघायला पाहिजे. इजिप्तमधून सुटून कनान देशाला जाणाऱ्या इस्राएलींसारखे हे लोक, मान्य, पण त्यांचा कनान त्यांना ओकी, म्हणजे ओक्लाहोमाहून आलेले भिकार, म्हणून हिणवतो आणि भाव पाडून उपाशी मारतो. मोशेने वचनदत्त भूमी डोंगरावरून पाहिली आणि तिथेच तो वारला. इथे तेहाचापीच्या डोंगरावरून खाली फळबागांचं खोरं दिसतं, सगळे हरखून जातात, आणि मा ट्रकमधून उतरून सांगते की आजी गेली, तपासणीसाठी गाडी थांबवली त्याच्याही आधी गेली. रात्रभर ती प्रेताशेजारी पडून होती, डॅगेटच्या तपासणी अधिकाऱ्यांना म्हातारी आजारी आहे, डॉक्टर गाठायचाय असं सांगून तिने गाडी सोडवली, कारण घर पलीकडे पोचायला हवं होतं. मोशेच्या गोष्टीत देव ठरवतो कोण पलीकडे जाणार. इथे ते एका बाईला ठरवायला लागतं, खोटं बोलून, आणि केसीसुद्धा म्हणतो की इतक्या मोठ्या मायेची मला भीती वाटते.

धर्माच्या नावाने बोलणाऱ्या बायकाही पुस्तकात आहेत हे आपण विसरतो. नीडल्सला आजी मरायला टेकली असताना तंबूत प्रार्थनासभा घ्यायला आलेल्या बाईला मा नाही म्हणते. सरकारी छावणीत मिसेस सँड्री गरोदर रोझ ऑफ शॅरनला घाबरवते की नाच बघशील, नाटकात काम करशील तर मूल मेलेलं जन्मेल, आणि मा तिला हाकलून लावते. पुढे मूल खरंच मेलेलं जन्मतं, पण पापाने नाही, ते अन्न नसल्याने. हे इतकं सरळ मांडलेलं असताना या कादंबरीला धार्मिक कादंबरी कसं म्हणायचं? मोशेला आईने टोपलीत घालून नदीत सोडलं ते जगावं म्हणून. इथे बापाचा भाऊ अंकल जॉन मेलेलं मूल सफरचंदाच्या खोक्यात घालून पुराच्या पाण्यात सोडतो आणि म्हणतो, जा, गावात जाऊन त्यांना सांग. तारणहार नाही, साक्षीदार पाठवलाय. राग जपायचा असेल तर बायबलमधूनच भाषा घ्यायची पण वचन काढून टाकायचं, असा तो सगळा प्रकार आहे.

आता शेवट, ज्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं. मूल गमावल्यावर थोड्याच वेळात ती पोरगी उपाशी मरणाऱ्या अनोळखी माणसाला आपलं दूध पाजते. आक्षेप असा की हे तिच्यावर आईच्या नजरेने लादलंय, तिच्या दुःखाला क्षणभर जागा न देता तिचं शरीर पुन्हा वापरलं. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, तो प्रसंग वाचताना अस्वस्थ व्हायलाच हवं. पण मजकूर बघा, मा तोंडाने काही मागत नाही, दोघी एकमेकींकडे बघतात आणि हो पहिल्यांदा मुलगी म्हणते, आणि मग तीच सगळ्यांना बाहेर जायला सांगते. पुस्तकभर जिच्याकडे काहीही ठरवायला नव्हतं तिचा हा पहिला निर्णय आहे. प्रकाशकाच्या बाजूने संपादक पॅट कोविसीने शेवट बदलायला सांगितला तेव्हा स्टाइनबेकने जानेवारी १९३९ मध्ये उलट लिहिलं की तो माणूस अनोळखीच असला पाहिजे, हे घाईत आणि योगायोगानेच घडलं पाहिजे, स्तन देण्यात भाकरीचा तुकडा देण्याइतकीच भावुकता आहे, प्रतीक असेलच तर ते जगण्याचं आहे, प्रेमाचं नाही. म्हणजे मेरीवाली पूजाही गेली आणि रोमान्सही गेला. तो माणूस नात्यातला असता तर ती कुटुंबाचीच गोष्ट राहिली असती. हूव्हरव्हिलमध्ये आईला जी रेघ पुसता आली नव्हती ती इथे मुलीने पुसली, एवढंच मला त्यात दिसतं आणि ते मला फार मोठं वाटतं.

टॉमच्या निरोपातही हेच आहे. मी सगळीकडे असेन, हे त्याचं भाषण सगळे उचलतात, पण अंधारात चाचपडत त्याच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवणारी आणि जपून ठेवलेले सात डॉलर त्याच्या हातात देणारी मा आहे, आणि यावेळी तिच्या हातात जॅकचा दांडा नाही. तीच त्याला जा म्हणते. घर हेच सर्वस्व असतं तर तिने त्याला त्या बिळात लपवून ठेवलं असतं.

ऑगस्ट १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीने हे पुस्तक शाळा-वाचनालयांतून बंद केलं, अश्लील आणि बदनामीकारक म्हणून, बेकर्सफील्डमध्ये त्याची प्रत जाळली. पेटीमागची मजुरी पाच सेंटवरून अडीच सेंटवर आणणाऱ्या मळेवाल्यांच्या प्रदेशात अश्लील ठरला तो त्या पोरीचा देह. तेव्हा विरोधात पत्र लिहिणारी काउंटीची ग्रंथपाल ग्रेचेन नीफ बाईच होती. आणि आणखी बायका आहेत या पुस्तकामागे, ज्युलिया वॉर्ड हाउच्या यादवी युद्धकाळातल्या गाण्यातून, म्हणजे मुळात बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातल्या द्राक्षकुंडातून, हे शीर्षक सुचवणारी कॅरल, लेखकाची बायको, जिने हस्तलिखित टाइपही केलं. स्त्रीवादी टीका करायचीच असेल तर इथे करा, इथे ती खरी लागते. लेखिका सनोरा बॅब स्थलांतरित मजुरांच्या छावण्यांत काम करत होती, तिने तिथली टिपणं काढली, ती छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स याच्यामार्फत स्टाइनबेकपर्यंत गेली, आणि त्याच लोकांवरची तिची स्वतःची कादंबरी प्रकाशकाने १९३९ मध्ये बाजूला ठेवली कारण स्टाइनबेकचं पुस्तक आधी आलं होतं. ती छापली गेली २००४ मध्ये. मा जोडच्या तोंडी काय घातलं यावर वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी बॅब वाचली?